लेन्सने दिसते, पण रोग थांबतो का? केरॅटोकोनसविषयी वाचकांचे प्रश्न

केरॅटोकोनस या विकारात कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या बाजूचा पारदर्शक पडदा, हळूहळू पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. या विकारात वापरल्या जाणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. लेन्स लावल्यावर दिसू लागले म्हणजे उपचार झाला, असा समज यांतील बऱ्याच पत्रांत आढळला. त्यामुळे उत्तरांत त्याविषयी थोडी पुनरुक्ती झाली आहे. ती टाळणे योग्य वाटले नाही.

प्रश्न : माझे वय 24 आहे. गेल्या काही वर्षांत चष्म्याचा नंबर, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर, सारखा बदलत राहिला आणि नवा चष्माही थोड्याच दिवसांत अपुरा वाटू लागे. रात्री एका दिव्याच्या जागी तीन-चार दिवे दिसतात, तेही एक डोळा झाकला तरी. आता केरॅटोकोनसचे निदान झाले असून डॉक्टरांनी कडक लेन्स सुचवली आहे. जे चष्म्याला जमत नाही ते लेन्सला कसे जमते?

उत्तर : एक डोळा झाकल्यावरही एकाहून अधिक प्रतिमा दिसतात, ही तुम्ही केलेली नोंद महत्त्वाची आहे. दोन डोळ्यांचा मेळ न बसल्यामुळे वस्तू दुहेरी दिसत असेल, तर एक डोळा झाकताच ती एकेरी दिसते. तुमच्या बाबतीत तसे होत नाही, त्याअर्थी दोष त्या एकाच डोळ्यातल्या, प्रकाश वळवणाऱ्या पृष्ठभागात आहे.

निरोगी कॉर्नियाची मध्यभागी जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते आणि त्याची वक्रता सरासरी 43 ते 44 डायॉप्टरच्या (प्रकाश वळवण्याच्या ताकदीच्या एककाच्या) आसपास असते. कॉर्निया एका दिशेने अधिक व तिच्याशी काटकोनातल्या दिशेने कमी वक्र असेल, तर तेवढा फरक काचेत उलटा घडवून भरून काढता येतो. सिलिंड्रिकल नंबर म्हणजे हीच भरपाई. केरॅटोकोनसमध्ये मात्र उंचवटा बहुधा मध्यापासून थोडा खाली सरकलेला असतो आणि त्याच्या चारही बाजूंचे उतार सारखे नसतात. बाहुलीच्या वरच्या भागातून आत शिरणारे किरण एकीकडे आणि खालच्या भागातून शिरणारे दुसरीकडे एकत्र येतात. त्यामुळे अक्षराला सावली येते आणि दिव्याला शेपूट फुटते. ही सारी विषमता काचेत उलटी कोरता आली असती, तरी तिचा फारसा उपयोग झाला नसता, कारण नजर फिरवताच डोळा काचेच्या दुसऱ्याच भागातून पाहू लागतो.

कडक लेन्सचे तसे नाही. ती डोळ्याबरोबर हलते आणि स्वतःचा आकार सोडत नाही. तिच्या आणि कॉर्नियाच्या मधल्या जागेत अश्रू साचतात. खड्डे पडलेल्या रस्त्यावर पाणी साठले की वरून पृष्ठभाग सपाट दिसतो, तसेच काहीसे येथे घडते. अश्रूंचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाश किती वळवतात याचे माप, 1.336 आणि कॉर्नियाचा 1.376, म्हणजे एकमेकांच्या जवळचे असल्यामुळे प्रकाशाच्या दृष्टीने कॉर्नियाच्या पुढच्या बाजूचा ओबडधोबडपणा जवळजवळ पुसला जातो आणि लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभागच डोळ्याचा नवा दर्शनी पृष्ठभाग बनतो. नेहमीची मऊ लेन्स मात्र कॉर्नियावर अंथरल्यासारखी बसते आणि खालचाच आकार घेते, म्हणून विकार अगदी सौम्य असल्याखेरीज तिचा फायदा मर्यादित राहतो. केरॅटोकोनससाठी मुद्दाम जाड बनवलेल्या मऊ लेन्सही असतात आणि सुरुवातीच्या अवस्थेत काहींना त्या पुरतात.

कडक लेन्सचे पहिले काही दिवस त्रासाचे असतात. पापणीला तिची कड जाणवते, पाणी येते आणि हे आपल्याच्याने होणार नाही असे वाटू लागते. रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेल्यास ही जाणीव बहुतेकांमध्ये ओसरते. ती ओसरली नाही, तर दोष सहनशक्तीचा आहे असे मानून गप्प बसू नये. बसवणी पुन्हा तपासून घ्यावी.

प्रश्न : मी बारा वर्षे कडक लेन्स वापरतो. तक्त्यावरची 6/6 ची ओळ मी वाचतो आणि तपासणारे समाधानी होतात. रात्री गाडी चालवताना मात्र समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलये दिसतात, पाट्यांवरच्या अक्षरांना अजूनही पुसट सावली असते. मी उगाच तक्रार करतो आहे का?

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे आणि तिला शरीरशास्त्रीय कारणही आहे. कडक लेन्स कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागाची विषमता झाकते. मागच्या पृष्ठभागाची नाही. केरॅटोकोनसमध्ये मागची बाजूही वेडीवाकडी झालेली असते. लेन्स नसताना मागच्या पृष्ठभागाचा दोष पुढच्या दोषाच्या काहीसा उलट काम करून त्याची थोडी भरपाई करत असतो. लेन्सने पुढचा दोष काढला की मागचा एकटा उरतो आणि तोच पुसट सावलीच्या रूपाने जाणवत राहतो. कित्येकांना ही उरलेली सावली पूर्वीच्या विरुद्ध दिशेला दिसते.

दुसरे कारण बाहुलीच्या आकाराचे. उजेडात बाहुली लहान होते आणि कॉर्नियाच्या मधल्या थोड्या भागातूनच प्रकाश आत जातो. अंधारात ती पसरते, कडेचे विषम भागही प्रतिमेत सामील होतात आणि वलये व सावल्या वाढतात. लेन्सचा मध्य कॉर्नियाच्या शिखराकडे ओढला जाऊन खाली घसरलेला असेल, तर मोठ्या बाहुलीपुढे लेन्सची कडही येऊ शकते. बारा वर्षांत कॉर्नियाही थोडा बदललेला असणे शक्य आहे. म्हणून रात्रीच्या त्रासाचा स्पष्ट उल्लेख करून लेन्सची बसवणी, तिचे केंद्र आणि तिच्यावर साचलेला थर या तीन गोष्टी तपासून घ्या. कधी केवळ जुनी, ओरखडे पडलेली लेन्स बदलल्यानेही फरक पडतो. लेन्स तशीच ठेवून वरून थोड्या नंबरचा चष्मा लावल्याने उरलेला काही दोष कमी होतो का, हेही पाहता येते.

तक्त्याविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. प्रखर उजेडातल्या पांढऱ्या पाटीवरची गडद काळी अक्षरे ओळखणे ही दृष्टीची एकच परीक्षा आहे, आणि केरॅटोकोनसचा रुग्ण सावलीतून मूळ अक्षर निवडण्यात वर्षानुवर्षांच्या सरावाने तरबेज झालेला असतो. फिकट अक्षरे, मंद प्रकाश, पावसाळी संध्याकाळ यांत तो अडखळतो आणि तक्ता त्याची दखल घेत नाही. त्यामुळे तपासणीच्या वेळी नुसते वाचून दाखवू नका. अक्षर कसे दिसते, सावली कोणत्या बाजूला पडते, हेही सांगा. सावली त्रासदायक असेल तोवर रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावा, हा सल्ला कोणालाच आवडत नाही, पण तो द्यावाच लागतो.

प्रश्न : माझ्या 15 वर्षांच्या मुलाला लेन्स बसवली आहे आणि त्याला आता फळ्यावरचे उत्तम दिसते. तरीही डॉक्टर क्रॉस-लिंकिंग करून घ्या म्हणतात. दिसत असताना डोळ्यावर प्रक्रिया कशाला? लेन्सच्या दाबाने कॉर्निया पुढे येण्याचे थांबते, असेही एका नातेवाइकांनी सांगितले. मुलाला डोळे चोळण्याची फार सवय आहे.

उत्तर : ताई, आलेल्या पत्रांमध्ये मला सर्वांत निकडीचे वाटले ते हे. लेन्स दाबून धरल्याने कॉर्निया जागच्या जागी राहतो, ही कल्पना जुनी आहे आणि तिला आधार नाही. लेन्स दृष्टी सुधारते. तिच्याखाली कॉर्निया पातळ होत राहिला, तरी लेन्स लावलेली असेपर्यंत मुलाला त्याचा पत्ता लागणार नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. त्याला चांगले दिसते म्हणून तुम्ही निश्चिंत राहाल आणि विकार पुढे सरकत राहील.

हा विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो, तिशी-चाळिशीपर्यंत वाढू शकतो आणि पुढे सहसा स्थिरावतो. ज्याला तो लवकर होतो त्याच्यात तो वेगाने वाढण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे प्रौढ रुग्णात टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाच्या नकाशाच्या, लागोपाठच्या नोंदी ताडून वाढ सिद्ध होईपर्यंत थांबणे चालू शकते. मुलांच्या बाबतीत मात्र अनेक तज्ज्ञ इतके थांबत नाहीत, आणि मला ते रास्त वाटते. गमावलेली जाडी कोणतीही लेन्स परत आणत नाही.

क्रॉस-लिंकिंगमध्ये कॉर्नियावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराचे, थेंब टाकून तो भिजवतात आणि नंतर त्यावर अतिनील-अ किरणांचा मोजका प्रकाश सोडतात. त्यामुळे कॉर्नियातल्या कोलॅजन तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि तो अधिक ताठ होतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे ही पद्धत विकसित झाली, तिचे रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये तिला मान्यता दिली. मूळ पद्धतीत किरणांचा काळ 30 मिनिटांचा असतो आणि आतल्या थराला इजा होऊ नये म्हणून वरची पेशींची त्वचा काढल्यावर कॉर्निया किमान 400 मायक्रॉन जाड असावा लागतो. फार उशीर केल्यास ही अट पाळणे कठीण होते आणि वेगळे उपाय योजावे लागतात, हेही लवकर निर्णय घेण्याचे एक कारण आहे.

या प्रक्रियेचा उद्देश वाढ थांबवणे हा आहे, चष्मा-लेन्स सोडवणे हा नाही. तिच्यानंतरही मुलाला लेन्स लागेल. पहिले काही दिवस दुखते आणि पाणी येते, पुढे काही आठवडे नजर धूसर राहू शकते आणि कडक लेन्स पुन्हा कधी सुरू करायची हे वरची त्वचा पूर्ण भरून आल्याचे पाहून डॉक्टर ठरवतात. आकार थोडा बदलल्यामुळे लेन्सही नव्याने बसवावी लागू शकते. परीक्षा जवळ असेल तर हा काळ आधी विचारात घ्यावा. परीक्षेच्या सबबीवर प्रक्रिया वर्षभर लांबवू मात्र नये.

डोळे चोळण्याविषयी सौम्यपणे बोलून चालणार नाही. जोराने आणि वारंवार चोळणे व केरॅटोकोनस यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. ‘चोळू नकोस’ असे दिवसातून वीसदा सांगितल्याने मात्र खाज जात नाही. तिचे मूळ बहुधा ॲलर्जीत असते आणि त्यावर उपचार करावे लागतात. थंड पाण्याने भिजवलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या डोळ्यांवर ठेवल्यास तात्पुरता आराम पडतो, अर्थात लेन्स काढल्यावर. स्टेरॉइड असलेले थेंब पटकन गुण देतात, म्हणून ते परस्पर आणून महिनोन्महिने वापरले जातात. त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो, त्यामुळे ते केवळ देखरेखीखालीच वापरावेत. मुलाला भावंडे असतील, तर त्यांचीही एकदा टोपोग्राफी करून घ्या. विकार कुटुंबात आढळू शकतो आणि सुरुवातीच्या अवस्थेत तो साध्या चष्म्याच्या तपासणीत सहज निसटतो.

प्रश्न : माझी कडक लेन्स धुळीत फार टोचते, कधी डोळ्यातून निसटून पडते आणि सहा-सात तासांनंतर डोळा लाल होतो. स्क्लेरल लेन्स घ्यावी का? ती घेतलेल्या एका परिचिताला दुपारनंतर धुके दिसते म्हणे.

उत्तर : लेन्सचा प्रकार बदलण्याआधी आहे ती लेन्स नीट बसली आहे का, हे पाहू. फ्लुओरेसीन हा पिवळा-हिरवा रंग डोळ्यात घालून निळ्या प्रकाशात पाहिले, की लेन्सखाली अश्रूंचा थर कोठे जाड आहे आणि लेन्स कॉर्नियाला कोठे टेकते ते दिसते. चपटी लेन्स शंकूच्या टोकावर दाबून बसते. गंमत अशी की अशा लेन्समधून पुष्कळदा छान स्पष्ट दिसते, आणि त्यामुळेच ती बदलायला रुग्ण नाखूश असतो. पण रोज त्याच जागी घासले गेल्याने टोकावरची त्वचा सोलवटते. अमेरिकेत 1200 हून अधिक केरॅटोकोनस रुग्णांचा आठ वर्षे मागोवा घेणाऱ्या ‘क्लेक’ या अभ्यासात ज्या डोळ्यांत कॉर्नियावर नवे व्रण उमटले, त्यांच्याशी तीव्र वक्रता, तरुण वय आणि रंग धरणारी सोलवटलेली त्वचा यांबरोबरच लेन्सचा वापरही निगडित आढळला. म्हणून लेन्स सोडावी असा अर्थ मी काढत नाही. लेन्सशिवाय यांपैकी अनेकांना दैनंदिन कामे करता आली नसती. मात्र ‘दिसते ना, मग झाले’ या कसोटीवर लेन्स पास करू नये, इतका अर्थ त्यातून नक्की निघतो.

बसवणी सुधारूनही त्रास राहिला, तर पर्याय आहेत. कडक लेन्सखाली पातळ मऊ लेन्स घालता येते; मधला भाग कडक आणि कडा मऊ अशी संकरित लेन्सही मिळते. पहिल्या उपायात दोन लेन्सची निगा राखावी लागते आणि कॉर्नियापर्यंत प्राणवायू कमी पोहोचतो, एवढे ध्यानात ठेवावे.

स्क्लेरल लेन्स आकाराने बरीच मोठी असते. ती कॉर्नियाला न टेकता त्याच्यावरून कमानीसारखी जाते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर विसावते. त्यामुळे ती सहसा निसटत नाही, धूळ तिच्याखाली सहजी शिरत नाही आणि कॉर्नियाच्या टोकावर घर्षण होत नाही. ही कल्पना नवी नाही. 1888 च्या सुमारास आडोल्फ फिक आणि युजीन काल्ट यांनी वापरलेल्या पहिल्या काचेच्या लेन्स याच जातीच्या होत्या आणि काल्ट यांचा रोख तर केरॅटोकोनसवरच होता. काचेतून प्राणवायू जात नसल्याने त्या फार वेळ घालता येत नसत. प्राणवायू जाऊ देणारे कडक साहित्य आल्यावर ही लेन्स व्यवहारात उतरली.

ती घालताना तिच्या वाटीत संरक्षक रसायन नसलेले सलाइन काठोकाठ भरून, मान खाली वाकवून, चेहरा जमिनीशी समांतर ठेवून ती डोळ्यावर चढवावी लागते. भरणी कमी पडली तर हवेचा बुडबुडा अडकतो आणि नजरेच्या मधोमध डाग दिसतो. परिचितांना दिसणारे धुके वेगळे आहे. लेन्सखालच्या द्रवात अश्रूंमधले स्निग्ध व इतर कण दिवसभरात शिरत जातात आणि द्रव गढूळ होतो. लेन्स काढून, धुऊन, ताजे सलाइन भरून पुन्हा घातली की नजर निवळते. हे रोजच करावे लागत असेल, तर कडा पांढऱ्या भागावर नीट बसत नसाव्यात किंवा पापण्यांच्या कडांना सूज असावी; दोन्हींवर उपाय होऊ शकतो.

लेन्स काढण्यासाठी रबरी चोषक देतात. तो लेन्सच्या मध्यावर न लावता कडेजवळ लावावा, म्हणजे कड उचलली जाऊन आतला जोर सुटतो. लेन्स डोळ्यात आहे याची आरशात खात्री केल्याशिवाय चोषक डोळ्याजवळ नेऊ नये, कारण घाईत तो थेट कॉर्नियाला चिकटण्याचा धोका असतो.

प्रश्न : कडक लेन्स घाईच्या वेळी नळाच्या पाण्याने धुतली तर चालते का? जुन्या वापरकर्त्यांना तसे करताना पाहिले आहे.

उत्तर : चालत नाही. पूर्वी तशी मुभा दिली जात असे, म्हणून जुने वापरकर्ते अजून तसे करतात. पाण्यात अकॅन्थअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याचा कॉर्नियाला होणारा संसर्ग अत्यंत वेदनादायक व बरा होण्यास चिवट असतो. हात धुऊन कोरडे करावेत, लेन्सला द्रावणाशिवाय काही लावू नये, डबी पाण्याने विसळू नये आणि ठरावीक काळाने बदलावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण वापरत असल्यास त्याच्याच डबीत सांगितलेला पूर्ण वेळ लेन्स ठेवावी. निष्प्रभ न झालेले पेरॉक्साइड डोळ्यात गेले तर भयंकर आग होते. लेन्स घालून झोपू नये, पोहू नये.

प्रश्न : टोपोग्राफीपूर्वी काही आठवडे लेन्स बंद ठेवा असे सांगितले आहे. मला लेन्सशिवाय काम करता येत नाही. हे खरोखर गरजेचे आहे का?

उत्तर : कडक लेन्स कॉर्नियाला तात्पुरता वेगळा आकार देते. ती नुकतीच काढून नकाशा घेतला, तर विकार वाढला की लेन्सचा ठसा उमटला हे सांगता येत नाही, म्हणून सूचना योग्य आहे. नोकरी सांभाळून दोन्ही डोळ्यांच्या लेन्स एकदम बंद ठेवणे बहुतेकांना अशक्य असते. अशा वेळी एका डोळ्याची लेन्स चालू ठेवून दुसऱ्याची तपासणी करावी आणि नंतर अदलाबदल करावी, असे डॉक्टरांना सुचवून पाहा. काहीच शक्य नसेल, तर प्रत्येक वेळी लेन्स तितकाच काळ बंद ठेवून नकाशा घ्यावा, म्हणजे निदान तुलना एकाच पायावर होईल.

प्रश्न : माझ्या एका डोळ्याचा विकार बराच पुढे गेलेला आहे. शेवटी कॉर्निया बदलावाच लागतो का? आणि अचानक डोळा पांढरा होऊन दिसेनासे होते, असे वाचले, ते काय असते?

उत्तर : बहुसंख्य रुग्णांवर प्रत्यारोपणाची वेळ येत नाही. मध्यभागी दाट व्रण असेल किंवा कोणतीही लेन्स सहन होत नसेल, तर ते करावे लागते. अलीकडे शक्य असेल तेथे कॉर्नियाचे पुढचे थरच बदलतात आणि सर्वांत आतला थर रुग्णाचा स्वतःचाच ठेवतात, त्यामुळे शरीराकडून नवा कॉर्निया नाकारला जाण्याचा धोका कमी होतो. प्रत्यारोपण झाले म्हणजे लेन्स सुटली, असे मात्र नाही. टाक्यांमुळे नवा कॉर्नियाही पुष्कळदा विषम वक्र होतो आणि नीट दिसण्यासाठी पुन्हा कडक किंवा स्क्लेरल लेन्स घ्यावी लागते. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी निष्णात माणसाकडून एकदा स्क्लेरल लेन्स बसवून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही वाचले त्या प्रकाराला हायड्रॉप्स म्हणतात. फार ताणलेल्या कॉर्नियाच्या आतल्या थराला चीर पडते, डोळ्यातला द्रव कॉर्नियात शिरतो आणि तो सुजून पांढुरका होतो. नजर अचानक मंदावते, दुखते, उजेड सहन होत नाही. असे झाल्यास लेन्स तत्काळ काढावी, डोळा चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. चीर बहुधा आपोआप भरून येते, पण सूज उतरायला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि मागे व्रण राहू शकतो. तो नजरेच्या मध्यावर नसेल, तर व्रणाच्या ओढीने कॉर्निया थोडा चपटा झाल्यामुळे पूर्वी न बसणारी लेन्स त्या डोळ्याला नंतर बसल्याचीही उदाहरणे आहेत.